‘कुडो’ हे एकवचन आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

‘कुडोज हे अनेकवचन आहे, एकच असेल तर कुडो. एवढंही येत नसेल तर लोकांना इंग्रजी शिकवायच्या भानगडीत पडू नये.’ माझ्या लेखातल्या ‘कुडोज’ या इंग्रजी शब्दाबद्दल (अर्थ: कौतुक, शाबासकी) तुमच्या प्रतिक्रियेतलं हे वाक्य. चूक दाखवायची तर खुशाल दाखवा, पण त्यासाठी समोरच्याची लायकी काढावी लागते का? या सुरात तुम्ही ओळखीच्या माणसाशी तरी बोलता का?

इंग्रजी ही माझ्या घरची भाषा नव्हे, शाळेचीही नव्हती. शब्दकोश उशाशी ठेवून शिकलो आणि पुढे मुद्रितशोधनावर पोट भरलं. ‘मेनी कुडोज’ दिसलं की त्यातला ‘मेनी’ लाल शाईने खोडायचो, कारण हा शब्द मोजायचा नाही. त्यामुळे ‘येत नसेल तर’ हे मला ऐकवू नका.

आता मुद्दा. शब्द ग्रीक आहे, अर्थ कीर्ती, मान. होमरच्या ‘इलियड’मध्ये देव योद्ध्याला ही कीर्ती बहाल करतात. ब्रिटिश विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांच्या बोलीतून तो इंग्रजीत रुळला. शेवटचा ‘स’ मूळ शब्दाचाच आहे, अनेकवचनाचा नाही. ‘केऑस’, ‘पेथॉस’ही ग्रीकच. त्यांचा ‘स’ काढून एकवचन करता का तुम्ही?

कोशात ‘कुडो’ आहे म्हणाल. आहे, मेरियम-वेबस्टरमध्ये मी स्वतः पाहिलाय. पण तो विसाव्या शतकात, शेवटचा ‘स’ अनेकवचनाचा समजून पाडलेला शब्द आहे. ‘चेरी’ही अशीच झाली, जुन्या फ्रेंच ‘चेरीज’चा शेवट लोकांना अनेकवचनाचा वाटला म्हणून. चेरीला शतकं मिळाली, आज तिच्यावर कुणी बोट ठेवत नाही. ‘कुडो’ अजून तिथवर पोचलेला नाही. औपचारिक पत्रात तो लिहिलात तर जाणकाराच्या डोळ्यांत खुपणारच, आणि माझा लेख औपचारिक लेखनाबद्दलच होता. तो पूर्ण वाचला असतात तर हे दिसलं असतं.

एक मान्य: ब्रिटिश उच्चार ‘क्यूडॉस’कडे झुकतो, हे लेखात यायला हवं होतं. ते वाक्य आता जोडलंय.

सरळ ‘अभिनंदन’ का म्हणू नये, वरिष्ठांना ‘कुडोज’ म्हटलेलं चालतं का, वगैरे बाकीच्या मुद्द्यांत मी शिरत नाही. ज्याला जे म्हणायचं ते त्याने म्हणावं. ‘कुडो’चा आग्रह मात्र सोडा, आणि सोडायचा नसेल तर निदान दुसऱ्याला अडाणी ठरवून तो रेटू नका.