शंभरी भरलेलं कपाट

घरात माणसं तीन आणि चादरी किती, ते कुणी मोजलेलं नाही. त्यामुळे एक कपाट हवं होतं. एवढीच गोष्ट. "जाऊन एक नवं घेऊन येऊ," असं ही म्हणाली तेव्हा मी गप्प बसलो असतो, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मी म्हणालो, "नव्या कपाटाला व्यक्तिमत्त्व नसतं."

आईने हातातलं विणकाम खाली ठेवलं. "कपाटाला व्यक्तिमत्त्व कशाला रे? चादरी ठेवायच्यात ना त्यात?"

पण मी ऐकण्याच्या पलीकडे गेलो होतो. जुनं, कोरीव, पितळी मुठींचं, आत कुठेतरी चोरकप्पा असलेलं कपाट मला दिसू लागलं होतं. पुढचे तीन आठवडे मी फक्त वाचलं. 'व्हिंटेज' आणि 'अँटिक' या एकाच मालाच्या दोन किमती नाहीत, हे मला तेव्हा कळलं. अँटिक म्हणवून घ्यायला साधारण शंभर वर्षं पूर्ण व्हावी लागतात. अमेरिकेने १९३० साली जकातीचा कायदा केला, त्यात १८३० पूर्वीच्या वस्तूंना अँटिक ठरवलं, बरोबर शंभर. शंभरी न गाठलेलं, पण कुणीतरी प्रेमाने बघेल इतपत जुनं, ते व्हिंटेज. आणि ज्याकडे कुणीच प्रेमाने बघत नाही, ते नुसतं जुनं. आईने स्वतःला कुठल्या गटात धरायचं ते विचारलं. मी विषय बदलला.

विषय बदलताना मी हेही सांगून टाकलं, की 'कपाट' या शब्दाचा संस्कृतातला अर्थ मुळी 'दार' असा आहे. आणि 'अलमारी' आली पोर्तुगिजांकडून, तिचं मूळ लॅटिनमध्ये, तिथे ती शस्त्रं ठेवायची जागा. "म्हणजे दारात शस्त्रं," ही म्हणाली. हे वाक्य तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

मग दुकानं सुरू झाली. खिशात टॉर्च, मोजपट्टी आणि एक लोहचुंबक. चुंबक मुठींसाठी: पितळेला तो चिकटत नाही, पितळी मुलामा दिलेल्या लोखंडाला मात्र झडप घालतो. पहिल्याच दुकानात सहा मुठींपैकी पाचांनी त्याचं स्वागत केलं. सहावी हातात आली.

जुन्या फर्निचरचं तोंड बघायचं नसतं, हा या विद्येचा पहिला धडा. तोंडाला पॉलिश कुणीही करतं. खरं वय पाठीमागे आणि पोटाखाली असतं, कारण तिथे कुणी बघणार नाही अशी करणाऱ्याची खात्री असते. म्हणून मी दुकानात शिरायचो आणि थेट आडवा व्हायचो. दुकानदार पाणी आणायला धावत. एकाने तर मला उठवून खुर्चीत बसवलं आणि म्हणाला, "साहेब, किंमत तर अजून सांगितलीच नाही."

त्याच दुकानात ते कपाट होतं. "दोनशे वर्षांचं," तो म्हणाला. मी खाली सरकलो, टॉर्च लावला, आणि मागच्या फळीवर स्टार स्क्रू चमकला. या खाचेच्या स्क्रूचं पेटंट अमेरिकेत हेन्री फिलिप्सने घेतलं १९३६ साली. मी कपाटाखालूनच ही तारीख जाहीर केली. वरून शांत आवाज आला, "दुरुस्ती झालेली आहे साहेब. दोनशे वर्षांत तुमचीही झाली असती."

यावर उत्तर नव्हतं, कारण त्याचं म्हणणं बरोबर असू शकत होतं. एका स्क्रूवरून कपाट खोटं ठरत नाही. मी खण बाहेर ओढला. खणाच्या कोपऱ्यात कबुतराच्या शेपटीसारखे दात एकमेकांत बसवलेले असतात, तो डव्हटेल सांधा. हाताने कापलेला असेल तर दात कमीजास्त रुंदीचे, शेजारी सुताराने मारलेली खुणेची रेघही दिसते. यंत्राने कापलेला असेल तर सगळे दात कवायतीला उभे. माझ्या खणाचे दात वेडेवाकडे होते. मला इतका आनंद झाला की मी हिला फोन करून सांगितलं, "दात वेडेवाकडे आहेत!" पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

पण वरच्या अर्ध्या भागाच्या खणांचे दात कवायतीतले निघाले. पाठीच्या फळ्याही वर एका लाकडाच्या, खाली दुसऱ्या. वरच्या फळीवर करवतीच्या कमानदार खुणा, म्हणजे गोल पात्याच्या यंत्राचं काम. खालच्या फळीवर सरळ रेघा. दोन वेगळ्या कपाटांची धडं जोडून एक केलेलं. या धंद्यातले इंग्रज लोक अशा जोडकामाला 'मॅरेज' म्हणतात. वरचं एका घरचं, खालचं दुसऱ्या घरचं, मधे चार स्क्रू, आणि दूरून बघणाऱ्याला वाटतं, काय जमलंय! मी हे संध्याकाळी घरी समजावून सांगितलं. कुणी काही बोललं नाही. आईच्या सुया जरा जोरात वाजल्या.

तरी मी ते घेतलं. खालच्या धडावर जीव जडला होता. किंमत विचारू नका. घरी विचारली तेव्हाही मी ती सांगितलेली नाही.

मग ते जिन्याच्या वळणावर अडकलं. दुकानदाराच्या माणसाने दोन खुंट्या ठोकून काढल्या आणि दहा मिनिटांत कपाटाच्या फळ्या केल्या. पूर्वीची मोठी कपाटं अशीच खुंट्या-पाचरींवर उभी असत, घर बदलताना सोडवता यावीत म्हणून. सोडवायला दहा मिनिटं. जोडायला मला तीन संध्याकाळी लागल्या, आणि एक खुंटी उरली. ती कुठली हे अजून कळलेलं नाही.

उभं राहिल्यावर कपाट एका पायाने लंगडतं, हे दिसलं. त्या पायाखाली पूर्वीच्या मालकांनी घडी करून घातलेला कागद तसाच चिकटलेला होता, घडीवर घडी, पानासारखा पातळ झालेला. संपूर्ण कपाटात मला निःशंक जुनी वाटलेली तेवढीच एक वस्तू.

चौथ्या दिवशी खाली जमिनीवर बारीक पिवळट पूड दिसली. कडेच्या फळीला दीड-दोन मिलिमीटरची गोल भोकं होती, ती मी दुकानात 'वयाच्या खुणा' म्हणून कौतुकाने मोजली होती. भोक जुनं असेल तर आतून काळपट दिसतं, ताजं असेल तर पांढरट. माझी सात पांढरट होती. हा भुंगा अळीच्या रूपात दोन-तीन वर्षं, कधी त्याहून जास्त, लाकडाच्या आत चरत बसतो, आणि भोक पडतं ते तो बाहेर पडताना. म्हणजे भोक दिसलं की पाहुणा गेलेला असतो, पोरंबाळं मागे ठेवून. औषध मारलं. घरभर वास. आता रोज रात्री कपाटाखाली काळा कागद पसरतो आणि सकाळी पूड पडली का ते टॉर्च लावून बघतो. ही म्हणते, माझ्या आजारपणात मी तिच्याकडे इतकं लक्ष दिलेलं तिला आठवत नाही. 'माझ्या' म्हणजे तिच्या.

चोरकप्पाही शोधला. खण बाहेरून मोजला, मग त्याची पोकळी आतून मोजली. पोकळी खोल आणि खण आखूड निघाला की मागे काहीतरी दडलेलं असतं. माझा खण बारा सेंटिमीटर आखूड निघाला! हात घातला, मागे काहीच नव्हतं. खणच दुसऱ्या कपाटाचा होता.

आणि मग चादरी वरच्या खणांत ठेवून झाल्यावर आम्ही खालच्या मोठ्या भागात कपडे लावायला घेतले. हँगर आडवा बसायला निदान ५५ सेंटिमीटर खोली लागते. सगळं मोजणाऱ्या माणसाने, म्हणजे मी, ही एक गोष्ट मोजली नव्हती. खालचं धड ज्या काळातलं आहे त्या काळी कपडे घडी करून ठेवत किंवा खुंटीला अडकवत. हँगर घरोघरी आले ते फार नंतर. आमच्या कपाटाची खोली ४० सेंटिमीटर. हँगर लावला की दार उघडंच राहतं.

परवा सकाळी मी काळा कागद तपासत कपाटाखाली आडवा होतो. वर हँगरची खडखड ऐकू आली. हिने माझे इस्त्री केलेले चारही शर्ट उघड्या दाराच्या वरच्या कडेला ओळीने अडकवले होते.

"तिथे काय अडकवतेस? कपाटात ठेव ना."

"कपाटातच ठेवलेत," ती म्हणाली. "संस्कृतात."