नाक नाशिकचं, पण शस्त्रक्रिया?

सकाळी गोदाकाठी फिरून येईपर्यंत एकच मेसेज तीन ग्रुपांवर येऊन पडला होता: 'शूर्पणखेचं नाक कापलं ते नाशिक. जगातली पहिली प्लास्टिक सर्जरी इथलीच! सुश्रुताने कपाळाच्या कातडीचं नाक बसवलं, तेही प्लास्टिक नसताना. इंग्रजांनी ती विद्या चोरली.'

नावाचं सोडा, नवशिखरांवरून नाशिक म्हणणारेही गावात कमी नाहीत. पण पंचवटीच्या कथेत नाक फक्त कापलं जातं, परत कुणी बसवत नाही. सुश्रुत तर परंपरेनं काशीचा.

आता कपाळ. सुश्रुतसंहितेत नाकाची कृती आहे ती चक्क कान टोचण्याच्या अध्यायात, सूत्रस्थान या भागाच्या सोळाव्या. नाकाएवढं झाडाचं पान घ्यायचं, त्या मापाची कातडी गालावरून सोडवायची, पण एका बाजूनं जोडलेली ठेवून. (तोडली तर रक्त पोचणार नाही, कातडी मरेल.) ती नाकावर बसवायची, श्वासाला दोन नळ्या, वर ज्येष्ठमधाचं चूर्ण, कापूस, तिळाचं तेल. कपाळाचा पत्ता नाही.

कपाळ येतं पुण्याजवळ, दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी. कावसजी हा इंग्रज फौजेतला मराठा बैलवाला. १७९२ च्या लढाईत टिपूच्या कैदेत त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभरानं एका वीटकऱ्यानं मेणाचं नाक घडवलं, ते सपाट करून कपाळावर ठेवलं, कडेनं रेघ मारली, तेवढी कातडी सोडवली आणि दोन भुवयांमधला पट्टा तसाच ठेवून पिळून खाली वळवली. जोडावर काय लावलं? पाण्यात भिजवलेला कात. आपल्या विड्यातला! तो पट्टा साधारण पंचविसाव्या दिवशी कापला.

आणि चोरी? ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकीकत चित्रासकट छापली गेली. जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जननं १८१४ मध्ये लंडनमध्ये तसंच नाक केलं आणि १८१६ च्या पुस्तकात पद्धत हिंदुस्थानची असल्याचं लिहिलं. चोर असं लिहून ठेवत नाहीत.

'प्लास्टिक' हा शब्दही ग्रीकमधून आलेला, अर्थ आकार देणं, कुंभार मातीला देतो तसा. डब्या-बाटल्यांचं प्लास्टिक फार नंतरचं.

चोरीचं दुःखच करायचं तर ते वेगळं आहे. त्या लेखात बैलवाल्याचं नाव आहे, पाठवणाऱ्याची आद्याक्षरं आहेत. नाक बसवणारा मात्र नुसताच 'पुण्याजवळचा वीटकरी'.