रिफंडच्या मेसेजला फसलेल्या माणसाला हसू नका

आज सकाळी आपल्या ग्रुपवर कुणीतरी बातमी टाकली. एका निवृत्त बाईंना इन्कम टॅक्स रिफंडचा खोटा मेसेज आला आणि त्यांचं खातं रिकामं झालं. खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. "शिकल्यासवरलेल्या माणसांची ही अक्कल!" "हाव नडली, दुसरं काय." डोकंच फिरलं माझं. कसली हाव? स्वतःच्याच पैशातून आधीच कापला गेलेला कर, म्हणजे टीडीएस, परत मिळायची वाट बघणं म्हणजे हाव?

माझ्या काकांचं हेच झालं. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब पै-पैशाला जुळवून दिलेला माणूस. रिटर्न स्वतः भरलेलं, रिफंड खरोखरच यायचा होता, आणि त्यात मेसेज आला: तुमचा रिफंड मंजूर झाला आहे, अमुक खात्यात जमा होईल, खाते क्रमांक चुकीचा असल्यास खालील लिंकवर दुरुस्त करा. सोबत खात्याचे शेवटचे चार आकडे. ते काकांचे नव्हते. किती विचार करून रचलंय बघा. मेसेज काहीच मागत नाही, उलट तुमचे पैसे भलत्याच्या खात्यात चाललेत अशी धास्ती घालतो. चूक दिसली की दुरुस्त करायची ही काकांची जन्माची सवय, तिथेच त्यांना धरलं. अगदी अशाच एका मेसेजबद्दल पीआयबी या सरकारी माहिती खात्याच्या फॅक्ट चेकने २०२३ मध्ये सावध केलं होतं. त्यातली रक्कम होती १५,४९० रुपये. पंधरा हजार लिहिलं असतं तर शंका तरी आली असती. १५,४९० वाचलं की वाटतं, कुणीतरी बसून हिशेब केलाय.

हो, लिंकचा पत्ता बघायला हवा होता, मान्य. इन्कम टॅक्सच्या खऱ्या पोर्टलच्या साइटचं नाव 'इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन' असंच संपतं. रिफंड तिथे आधी व्हॅलिडेट केलेल्या, म्हणजे पडताळून घेतलेल्या खात्यातच येतो आणि खातं बदलायचं तर तिथेच लॉगिन करून बदलायचं. त्यासाठी कार्डाचा पिन, सीव्हीव्ही, बँकेचा ओटीपी कुणी मागत नाही. व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल, तर कुणी पाठवत नाहीच नाही.

पण माझा खरा संताप पुढचा आहे. पैसे गेल्यावर काका गप्प बसले. काकूंनाही बोलले नाहीत. का, तर लोक काय म्हणतील. आज ग्रुपवर तुम्ही जे म्हणालात ना, नेमकं तेच! १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर पैसे पुढे काढले जाण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता असते. ती वेळ लाजेपायी गेली. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच परिपत्रक काढून सांगितलं की ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असला, तरी बँकेला कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. कळवेपर्यंतचं मात्र ग्राहकाचं. काकांच्या खात्यातून दुसरी मोठी रक्कम गेली ती मधल्या गप्प बसण्याच्या काळात. शेवटी बँकेत गेले, तर काउंटरवरच्या मुलाने सगळ्यांदेखत विचारलं, "ओटीपी तुम्हीच दिलात ना?" काका तक्रार अर्ज न देताच परत आले. तो अर्ज नंतर मी नेऊन दिला.

तुम्ही कुणी वाईट नाही, मला ठाऊक आहे. आपण असे फसणार नाही असं स्वतःला पटवायला माणूस हसतो. पण काकाही त्याच ग्रुपवर आहेत, आणि तो इमोजी त्यांनाही दिसतो.

आता रिटर्न भरायची ३१ जुलै जवळ आली की हे सगळं वाढणार. नोटिशीच्या नावाने घाबरवणारे फोन येतील. इन्कम टॅक्स विभागाकडून खरी पत्रंही येतात, नाही म्हणत नाही, म्हणूनच तर माणूस गोंधळतो. पण १ ऑक्टोबर २०१९ पासून, मोजके अपवाद सोडले तर, विभागाच्या प्रत्येक पत्रावर डीआयएन हा त्या पत्राचा ओळख क्रमांक असतो आणि तो पोर्टलवर लॉगिन न करताही तपासता येतो. व्हिडिओ कॉलवर वर्दी घालून कुणी 'डिजिटल अरेस्ट' म्हणाला तर सरळ फोन ठेवा, असली अटक आपल्या कायद्यात नाही.

आणि ते कमिशनवर 'जास्त रिफंड काढून देणारे'! त्यांची मला जास्तच चीड आहे. खोट्या भाडेपावत्या, खोट्या देणग्या दाखवतात, आपला वाटा घेऊन पसार होतात आणि नोटीस येते ती तुमच्या नावाने. सही तुमची, दंडही तुमचाच.

कुणाला असा मेसेज किंवा नोटीस आली आणि खरं-खोटं कळत नसेल, तर मला फोन करा, कितीही वाजले असू देत. मी सीए नाही, पण डीआयएन बघून नक्की सांगेन. आणि पैसे गेलेच असतील तर आधी १९३० आणि बँक, मग मी. 'कसं काय फसलात' हे मी विचारणार नाही.