दोन डगरींवर पाय ठेवलेलं घर

पुण्यातल्या आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर गाड्यांवरून जुंपली की आठवडाभर चालते. एक बाजू म्हणते, घ्यायची तर पूर्ण इलेक्ट्रिक घ्या. हायब्रिड म्हणजे पेट्रोलचं आयुष्य वाढवायचा धंदा. दुसरी म्हणते, सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंटची एनओसी मिळेना, आणि तुम्ही गप्पा कसल्या मारताय? सरकारांनाही या वादात बाजू घ्याव्या लागल्या. सप्टेंबर २०२५ पर्यंत इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के होता आणि मोठ्या हायब्रिडवर उपकर धरून ४३. नितीन गडकरी हायब्रिडवरचा कर उतरवा म्हणत राहिले, उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये नोंदणी कर माफ केला, आणि इलेक्ट्रिकवर पैसा लावून बसलेल्या कंपन्या नाराज झाल्या.

मी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला राहतो. इथे हाच वाद घर गरम ठेवण्यावरून होतो, आणि आमचं घर त्यात ‘धड ना इकडचं, ना तिकडचं’ या गटात मोडतं. माळ्यावर गॅसचा बॉयलर, ज्याला इथे सगळे केटल म्हणतात, आणि मागच्या अंगणात विजेवर चालणाऱ्या, बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणणाऱ्या हीट पंपाचा पंखा. खोल्या तापवणारे, गरम पाण्याचे रेडिएटर तेच, पाणीही तेच. ते गरम करायचं काम कधी हा करतो, कधी तो.

नेदरलँड्समध्ये गॅस हा नुसता इंधनाचा विषय नाही. १९५९ मध्ये ग्रोनिंगन प्रांतात स्लोख्तरनजवळ युरोपातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक सापडला आणि साठच्या दशकात अख्ख्या देशाच्या स्वयंपाकघरांत आणि बॉयलरांत तो गॅस पोहोचला. कोळशाच्या शेगड्या काही वर्षांतच गेल्या. पुढे गॅस उपसल्यामुळे जमीन खचू लागली, भूकंप होऊ लागले. ऑगस्ट २०१२ मध्ये हाउझिंगेला ३.६ तीव्रतेचा धक्का बसला. आपल्या कोयनेपुढे आकडा किरकोळ वाटेल, पण हे धक्के उथळ असतात आणि तिथली विटांची घरं तडकली. ऑक्टोबर २०२३ मध्ये उत्पादन थांबलं, २०२४ मध्ये कायदा करून क्षेत्र कायमचं बंद झालं. म्हणजे ज्या देशाने घरोघरी गॅस नेला, त्यालाच आता तो घरोघरून काढायचा आहे. जुलै २०१८ नंतर परवानगी मागितलेल्या नव्या घरांना तर गॅसची जोडणीच मिळत नाही.

नव्या घरांचं ठीक आहे. प्रश्न आमच्यासारख्यांचा. सत्तरच्या दशकातलं, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांना चिकटलेलं रांगेतलं घर. त्याचे रेडिएटर ७०-८० अंशांच्या पाण्यासाठी बसवलेले. फ्रीजर जसा आतल्या उणे १८ मधूनही उष्णता उपसून मागच्या बाजूने स्वयंपाकघरात सोडतो, तसा हीट पंप बाहेरच्या ५ अंशांच्या हवेतून उष्णता ओढून पाण्यात सोडतो. पण पाणी जितकं कमी गरम लागेल तितका तो खूष. ३५ अंशांचं पाणी मागितलं तर एका युनिट विजेत चार युनिट उष्णता देईल. बाहेर गोठलेलं असताना ५५ अंशांचं मागितलं तर दोनच्या आसपास येईल. बॉयलर पूर्ण काढायचा तर भिंतींत उष्णता अडवणारं इन्सुलेशन भरा, रेडिएटर मोठे करा, आंघोळीच्या पाण्यासाठी दोनेकशे लिटरची टाकी ठेवायला जागा शोधा. इथल्या घरांत टाकीला जागा म्हणजे मुलांपैकी एकाचं कपाट गेलं.

हायब्रिडमध्ये, म्हणजे केटल ठेवून जोडीला पंप बसवला की, हे सगळं टळतं. ४-५ किलोवॅटचा छोटा पंप बहुतेक हिवाळा एकटा ओढतो, कारण डच हिवाळा बर्फाचा कमी आणि ३ ते ८ अंशांच्या ओल्या, करड्या दिवसांचाच जास्त. कडाक्याच्या रात्री आणि आंघोळीला केटल. खर्चाचं गणितही इथे जुळतं. एक घनमीटर गॅसमधून चांगला बॉयलर साधारण ९ युनिट उष्णता काढतो. गॅस १ युरो ३० सेंट धरला तर उष्णतेचं युनिट साडेचौदा सेंटला पडतं. वीज २७ सेंटने धरली आणि पंपाने एकाचे तीन केले, तर तेच युनिट ९ सेंटला. पंपाने एकाचे दोन केले तरी तो गॅसपेक्षा थोडा स्वस्तच. याला कारण कराची रचना: इथे वर्षानुवर्षं विजेवरचा कर उतरवत गॅसवरचा चढवला गेला. ब्रिटनमध्ये विजेचं युनिट गॅसच्या साधारण चौपट महाग, त्यामुळे तिथे पंपाने एकाचे साडेतीनपेक्षा जास्त केले तरच बिल कमी होतं. यंत्र तेच, पण एका देशात शहाणपणाचं आणि दुसऱ्यात हौसेचं ठरतं.

आता सरकारची गंमत. मे २०२२ मध्ये रॉब येटन आणि ह्यूगो द योंगे या मंत्र्यांनी जाहीर केलं की २०२६ पासून जुना बॉयलर बदलताना निदान हायब्रिड हीट पंप बसवणं हा किमान दंडक असेल. २०३० पर्यंत असे दहा लाख पंप बसावेत. कारखान्यांनी उत्पादन वाढवलं, तंत्रज्ञ प्रशिक्षणाला गेले. मे २०२४ मध्ये नव्या युतीच्या करारात ती सक्ती रद्द. अनुदान राहिलं, साधारण ३० टक्के, पण ज्यांनी सक्तीच्या भरवशावर माणसं घेतली होती त्यांचं काय, हे कराराच्या कागदावर नव्हतं. सक्ती चांगली की वाईट यावर माझं मत डळमळीत आहे. दोन वर्षांत फिरणारी सक्ती वाईट, यावर अजिबात नाही. आपल्याकडे महाराष्ट्राच्या मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर आला आणि महिना संपायच्या आत मागे घेतला गेला. ग्रुपवर त्याचा विजय साजरा झाला. मला ती आकड्यापेक्षा मोठी चूक वाटते, कारण पुढचा निर्णय किती दिवस टिकेल याचा भरवसाच उरत नाही.

हायब्रिडच्या बाजूने इथलं सगळ्यांत दमदार कारण मात्र घराच्या बाहेर आहे. आमच्या ब्राबांट प्रांतात जून २०२२ मध्ये टेनेट या राष्ट्रीय ग्रिड कंपनीने सांगितलं की नव्या मोठ्या ग्राहकांसाठी जागा नाही. कारखाने, शाळा, दुकानं जोडणीच्या रांगेत आहेत. जगाच्या चिप उद्योगाची यंत्रं ज्या भागात बनतात, तिथे तारा अपुऱ्या! आता कल्पना करा, जानेवारीची संध्याकाळ, उणे ६, वारा पडलेला, सौर पॅनेल अंधारात, आणि गल्लीतले सगळे पंप एकाच वेळी पूर्ण जोराने चालू. त्या तासाला हायब्रिड घर गॅसवर जाऊन तारेवरचा भार उतरवू शकतं. वर्षातल्या मोजक्या रात्री गॅस जाळून बाकीचा हिवाळा विजेवर काढणं हा सौदा मला मान्य आहे. पूर्ण इलेक्ट्रिकवाल्यांचं एक उत्तर मात्र खरं आहे: तेवढ्या मोजक्या रात्रींसाठी गॅसची अख्खी पाइपलाइन जिवंत ठेवावी लागते. तिचा स्थिर आकार आम्ही वर्षाला दोनशे युरोंच्या वर भरतोच, आणि शेजारी एकेक करून गॅस सोडत गेले की उरलेल्यांच्या माथी तो वाढत जाणार.

त्यांचा दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. दोन इंधनांच्या यंत्रात कोणतं कधी चालेल हे ठरवतं कोण? आमच्याकडे बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने ‘७ अंशांखाली केटल’ असं सेटिंग ठेवलं होतं. ग्राहक गारठला म्हणून फोन येऊ नये, एवढाच त्याचा हेतू. पण इथला निम्म्याहून जास्त हिवाळा ७ अंशांखालीच जातो! म्हणजे अनुदान घेऊन बसवलेला पंप अंगणात शोभेला, आणि गॅस पहिल्यासारखाच. घर उबदार आहे म्हटल्यावर कोण मीटर बघतो? आम्ही पाणी ५० अंशांवर आणलं, बदलाची सीमा शून्याजवळ नेली, तेव्हा कुठे गॅसचा आलेख वाकला. गाड्यांचं वेगळं नाही: युरोपीय आयोगाच्या २०२४ च्या अहवालात प्लग-इन हायब्रिड, म्हणजे प्लग लावून चार्ज करायच्या हायब्रिड गाड्यांचं रस्त्यावरचं उत्सर्जन कागदावरच्या आकड्याच्या सरासरी साडेतीनपट निघालं, कारण लोक धरलं होतं तितक्या वेळा प्लग लावतच नाहीत. हायब्रिडला अनुदान द्यायचं तर यंत्र घेतल्याबद्दल देऊ नये, ते कसं चाललं याच्या नोंदीवर द्यावं. स्मार्ट मीटर घरोघरी आहेत, हे अवघड नाही.

(शेजाऱ्यांबद्दल कोणी विचारेल म्हणून: २०२१ पासून रात्री हद्दीवर ४० डेसिबलची मर्यादा आहे. आमचा पंखा तिच्या खाली आहे. शेजारच्या आजोबांना तो तरीही ऐकू येतो.)

ग्रुपवर मी हे सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, मग तू हायब्रिडवाला की इलेक्ट्रिकवाला? त्याच्या स्वतःच्या कोथरूडच्या गच्चीवर सौर बंब आहे आणि बाथरूममध्ये गीझर. मार्चमध्ये सूर्य पुरतो, जुलै-ऑगस्टमध्ये गीझरचं बटण दाबावं लागतं. त्या सौर बंबासाठी महापालिका मालमत्ता करात सवलत देते, आणि गीझर ठेवला म्हणून त्याला कोणी तळ्यात-मळ्यात म्हटलेलं नाही. सोसायटीतल्या किती घरांत तो गीझर मे महिन्यातही सवयीने चालू असतो, ते मात्र कोणी मोजत नाही.

त्याला माझं उत्तर असं: नवं घर बांधत असशील तर गॅसची पाइप घेऊच नकोस. जुनं असेल तर हायब्रिड घे, आणि यंत्र निवडायला जितका वेळ घालवशील तितकाच त्याच्या सेटिंगवर घालव. आमचा केटल म्हातारा व्हायला अजून काही वर्षं आहेत. तोवर खिडक्यांच्या काचा आणि छपराचं इन्सुलेशन एकेक करून उरकायचं ठरलंय. कडाक्याच्या रात्रीची घराची गरज पंपाच्या ५ किलोवॅटमध्ये बसली, की माळ्यावरची ती जागा टाकीला मिळेल, आणि कपाटाचा प्रश्नही सुटेल.