आगाऊ सूचना न देता

हाताचे गुलाबाचे ओरखडे अजून वाळलेले नाहीत, तेव्हा लिहिण्यात थोडा कडवटपणा आला तर समजून घ्या.

पाऊस एकदाचा गेला, पुण्यातलं ऑक्टोबरचं ऊन चटचटायला लागलं, म्हणजे छाटणीची वेळ. 'येतो' म्हणालेला माळी तीन रविवार आला नाही. चौथ्या रविवारी मीच सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, घेऊन बसले. गुलाबांना आठवडाभर पाण्याचा ताण दिलाच होता. बाहेर तोंड असलेला डोळा, म्हणजे जिथून नवा फुटवा येतो तो, बघायचा, त्याच्या जरासं वर तिरका काप घ्यायचा, कापावर मोरचूद-चुन्याची पेस्ट लावायची. सहा गुलाब होईस्तोवर बारा वाजले.

मग कुंपणालगतची जास्वंद. तिच्या शेंड्यांना पिठ्या ढेकूण. कापूस चिकटल्यासारखं दिसतं ना, तेच. त्याच्या अंगातून गोड चिकट द्राव पाझरतो, त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात, वेळेला उचलून दुसऱ्या फांदीवर नेऊन ठेवतात. आमच्या घरात असा नोकरचाकरांचा थाट दुसऱ्या कुणाचा नाही. लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब, असं महिनाभर फवारून झालं. शेवटी झाड कमरेइतकं उतरवलं.

बुधवारी पहाटे सव्वासहाला बेल वाजली. दारात एक काका. ऑक्टोबरात माकडटोपी, एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात छत्री. पाऊस संपून पंधरा दिवस झाले होते, पण छत्रीची मूठ आकड्यासारखी असते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"ताई, हे काय करून ठेवलंत?"

मला वाटलं, फांदी पडून कुणाला लागलं. "काय झालं?"

"जास्वंद! आज संकष्टी आहे."

"बरं मग?"

"मग म्हणजे? निदान आदल्या दिवशी सांगायचं. मी काहीतरी सोय केली असती."

"तुम्ही रोज इथून फुलं नेता?"

"रोज कुठे? मध्ये दोन दिवस नागपूरला गेलो होतो की." आवाजात दुखावल्याचा सूर. "आणि देवासाठी नेतो हो. स्वतःसाठी एक फूल घेतलेलं नाही कधी."

इथे जरा थांबून सांगते. आमच्या दाराला रोज फुलपुडी लागते. विकतची. जास्वंदीचं फूल एका दिवसाचं, आणि आमचं घर उठतं सातला. चार वर्षं सासूबाई म्हणतायत, "तुझ्या झाडाला फूल म्हणून दिसत नाही." मी शेणखत घातलं, केळीच्या साली पुरल्या, कांद्याच्या सालींचं पाणी घातलं, माती बदलली. एका नर्सरीवाल्याने तर झाडाला ऊन कमी पडतंय म्हणून मला कढीपत्ता विकला. चार वर्षं!

काकांचं चालूच होतं. "खरं म्हणजे मी येणारच होतो बोलायला. हल्ली तुमच्या फुलांत मुंग्या फार. देव्हाऱ्यात पसरतात. हिची कटकट होते."

"दूर्वाही आमच्याच का?" मी कुजकटपणे विचारलं.

"छे, तुमच्याकडच्या जाड असतात. त्या मी सहा नंबरातून घेतो."

यावर काय बोलणार? चूक आपलीच असल्यासारखी मी उंबऱ्यात उभी, गाऊनवर ओढणी घेऊन. त्यांनी छत्रीनेच मला झाड दाखवलं. "एकदम सगळं छाटायचं नसतं, ताई. आधी आतली बाजू छाटायची. रस्त्याकडची राहू द्यायची. ती फुटली की मग ही. म्हणजे कुणाची अडचण होत नाही."

फाटकाशी छाटलेल्या फांद्यांचा ढीग तसाच पडला होता. कचऱ्याच्या गाडीने दोनदा बघून 'हे घेत नाही' म्हणून सांगितलं होतं. मोठ्या सोसायटीने रस्त्यावर वरात उतरवली तर चालते, आमच्या चार काटक्यांना नियम. त्या ढिगाकडे बघून मला सुचलं.

"काका, यातल्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या दोनतीन फांद्या न्या ना. जास्वंद फांदीपासून सहज लागते. तुमच्याच दारात होईल."

काका दोन पावलं मागे सरकले. "नको हो! झाडाचं फार करावं लागतं. खत, पाणी, ती कीड, छाटणी... कोण बघणार?"

"खरंय," मी म्हटलं.

"नवीन फूल कधी येईल?"

"महिना-दीड महिना तरी."

त्यांनी मनात संकष्ट्या मोजल्या असाव्यात. "असो. तोवर सहा नंबरच्या जास्वंदीवर भागवतो. फक्त त्यांना सांगून ठेवा, एवढ्यात छाटू नका म्हणून. मी सांगितलेलं बरं दिसत नाही."