थेसिस कपाटात ठेवली म्हणून चोरी थांबत नाही

परवा भाचीचा फोन, आवाज रडवेला. "मावशी, थेसिस शोधगंगावर टाकू नका म्हणून अर्ज देऊ का गं?" शोधगंगा म्हणजे देशभरातल्या पीएचडीच्या थेसिस ऑनलाईन खुल्या ठेवणारी साईट. म्हटलं झालं काय, तर सासरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. तोच मग आमच्या फोंड्याच्या ग्रुपवरही आला, तिघांनी टाकला. त्यात काय तर, थेसिस ऑनलाईन गेली की चोरीला जाते, ओपन सायन्स, म्हणजे संशोधन आणि त्याचा डेटा सगळ्यांना खुला ठेवणं, हे लॅबवाल्यांचं काम, आर्ट्सवाल्यांकडे डेटा कुठला, ओपन ऍक्सेस, म्हणजे लेख सगळ्यांना फुकट वाचायला ठेवणं, हे पैसे भरून छापून घेणंच, आणि मुलाखती खुल्या केल्या की लोक अडचणीत येतात. पोरीने गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या धालोवर, म्हणजे बायकांच्या पारंपरिक गाण्या-नाचावर, पाच वर्षं घालवलीत, पौषातल्या थंडीत रात्र रात्र मांडावर, म्हणजे धालो खेळायच्या अंगणात, बसून, समोरासमोरच्या दोन रांगांमध्ये फोन धरून बायकांची गाणी रेकॉर्ड केलीत, आणि असल्या फॉरवर्डने तिची झोप उडावी? मला राग आहे तो याचा.

चोरीचं आधी सांगते कारण ते मी भोगलंय. माझं एम.फिल.चं काम कुलूपबंद कपाटात होतं, बघायचं तर अर्ज, सही, आणि वाचून होईस्तोवर शिपाई समोर उभा. काही वर्षांनी एका पुस्तकात माझी पानंच्या पानं निघाली, 'मांडावर'च्या जागी मी चुकून 'मांडवर' टाईप केलं होतं तेसुद्धा तसंच्या तसं. तक्रार केली तर म्हणाले, तुमची मूळ प्रत दाखवा, आणि कपाट उघडलं तर प्रतच जागेवर नाही! आता थेसिस सगळ्यांसमोर, नाव आणि वर्षासकट पडलेली असली तर उचलणाऱ्याला कोणीही पकडू शकतं. आणि ऑनलाईन टाकली म्हणून कॉपीराइट जात नाही, १९५७ च्या कायद्याने तो लिहिणाऱ्याचाच. विद्यापीठांवर देखरेख करणाऱ्या यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे थेसिसमध्ये ६० टक्क्यांवर उचलेगिरी सापडली तर रजिस्ट्रेशनच रद्द होतं. पण ती सापडायला मूळ मजकूर कुठेतरी दिसायला नको का? शिवाय पीएचडी झाली की सॉफ्ट कॉपी शोधगंगा चालवणाऱ्या इनफ्लिबनेटकडे द्यायची हा नियमच आहे, मेसेजवाल्याला तेवढंही ठाऊक नाही.

आर्ट्सवाल्यांकडे डेटा नसतो म्हणे. मग तिच्या फोनमधली ती गाणी काय आहेत? आणि सामाजिक शास्त्रांतला डेटा झाकून ठेवला की काय होतं ते बघा. राइनहार्ट आणि रोगॉफ हे दोन बडे अर्थतज्ज्ञ, त्यांनी २०१० मध्ये लिहिलं की देशाचं कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की अर्थव्यवस्थेची वाढ सरासरी उणे ०.१ टक्क्यावर येते. खर्चकपात हवी असलेल्या पुढाऱ्यांनी ते उचलून धरलं. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन नावाच्या एका विद्यार्थ्याने त्यांच्याकडून मूळ एक्सेल शीट मागून घेतली तर फॉर्म्युल्यात पाच देश सुटलेले, काही वर्षांचे आकडे गाळलेले, सरासरी काढायची रीतही विचित्र. सगळं दुरुस्त केल्यावर आकडा आला २.२ टक्के. विद्यार्थीच तो, पण शीट हातात आली म्हणून चूक सापडली.

पैसे भरून काहीही छापणारी जर्नल्स आहेत, खरंय, मलाही त्यांच्या मेल येतात. पण लेखकाकडून एक पैसा न घेता सगळं खुलं ठेवणारी जर्नल्सही ढीगभर आहेत. ओपन म्हणजे विकाऊ नव्हे, विषय संपला.

मुलाखतींचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, मान्य करावा लागतो. दोन बायकांनी भाचीला गाण्यांच्या ओघात भाटकाराशी, म्हणजे जमीनमालकाशी, चाललेल्या घराच्या वादाचं सगळं सांगितलंय, ते नावानिशी बाहेर गेलं तर उद्या त्यांना गावात राहणं कठीण. पण म्हणून सगळंच बंद करा असं कोण म्हणतंय? युनेस्कोची ओपन सायन्सवरची २०२१ ची शिफारस १९३ देशांनी मान्य केलीय, त्यात सामाजिक शास्त्रं आणि मानव्यशास्त्रं स्पष्ट धरलीत, आणि माणसांची खाजगी माहिती आणि आदिवासींचं पवित्र, गुप्त ज्ञान राखायचं हेही त्यातच लिहिलंय. म्हणजे नावं झाकायची, गाणी उघडी ठेवायची, आणि मांडावरचं जे बाहेर जाऊ नये असं बायका म्हणतील ते त्यांनाच विचारून ठेवायचं.

गाणी सांगणाऱ्या एका आजीने भाचीला विचारलं होतं, आमचं हे आम्हाला कधी बघायला मिळणार? तिच्या नातवाच्या फोनवर पीडीएफ उघडेल, पण कुलपातल्या कपाटापर्यंत ती आजी येणार होती का? भाचीला सांगितलंय, अर्ज फाड आणि मुलाखतींची यादी घेऊन रविवारी ये, कुठली नावं झाकायची ते बसून ठरवू.