भागाकार न येणाऱ्या आईचं गणित

आमच्या देवगडकडच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच वाद चालू आहे. जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंनी निरोप टाकला होता : माता पालक गट दर शनिवारी जमेल, पहिली-दुसरीच्या मुलांकडून घरी करून घ्यायच्या अंकांच्या कृती आयांना दाखवू. लगेच उत्तर आलं, 'गणित शिकवायचा पगार मास्तरांना मिळतो, आयांना नाही.' पाठोपाठ दुसरं, 'सातवी शिकलेल्या बायका काय शिकवणार? पोरांचा गोंधळ होईल.' लिहिणारे बहुतेक चाकरमानी, त्यांची मुलं ठाणे-डोंबिवलीच्या इंग्रजी शाळांत. ज्यांची मुलं खरोखर त्या शाळेत जातात, त्या आया गप्प.

पगाराचा मुद्दा मला मान्य आहे. निपुण भारत हे केंद्र सरकारचं अभियान 2021 साली सुरू झालं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावं, साधी आकडेमोड यावी, यासाठी 2026-27 ची मुदत घातली. ती जबाबदारी सरकारची. एका शिक्षकावर दोन-दोन, तीन-तीन वर्ग टाकायचे आणि उरलेलं आयांच्या गळ्यात बांधायचं, हे चालणार नाही.

पण सातवीचा टोमणा मला झोंबला आहे. माझी वहिनी सातवी शिकलेली आहे. परवा फोनवर म्हणाली, "भावोजी, माका भागाकार येणा नाय, मी काय शिकवतलंय?" हीच वहिनी एप्रिलात आंब्याच्या पेट्या भरते. पेटी तीच, पण फळ मोठं असेल तर चार डझनात भरते, बारीक असेल तर सहा डझन मावतात. एका थरात पंधरा बसले तर चार थरांत साठ, म्हणजे पाच डझन. फळ हातात घेतानाच तिला कळतं की हे या पेटीतलं नाही. हा भागाकार नाही तर काय आहे? मालवणात रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, मासळी किनाऱ्यावर आली की वाटे पडतात. अपूर्णांक तिथे वाळूत मांडलेले असतात.

नुसतं घरचं गणित पुरतं, असं मी म्हणत नाही. नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 2025 मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणारी मुलं गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी अचूक करत होती, पण पुस्तकी पद्धतीने मांडलेल्या उदाहरणांत अडत होती. शाळेत शिकणाऱ्या मुलांचं नेमकं उलट. दोन्ही गणितांची गाठ कुणीतरी घालून द्यावी लागते, आणि त्यासाठी आई शाळेत यायला हवी.

मी राहतो इंग्लंडात. इथे लेस्टरमध्ये लेकीच्या शाळेने आम्हाला संध्याकाळी हॉलमध्ये बोलावलं. बावन्नातून सतरा कसे वजा करायचे, ते बाईंनी दाखवलं : दहाचा एक दांडा मोडला, सुटे बारा केले, मग सात काढले. आमच्या शाळेत गुरुजी हेच काड्यांची जुडी सोडून दाखवायचे आणि त्याला हातचा म्हणायचे. शेजारी एक सोमाली आई होती, दुकानाचा गल्ला सांभाळणारे एक गुजराती काका होते. तुमचं शिक्षण किती, असं कुणीही विचारलं नाही. गोंधळाची भीती असेल तर पालकांना बोलावून पद्धत दाखवा. शनिवारच्या गटात बाई दुसरं काय करणार आहेत?

लंडन-लेस्टरच्या गोष्टी सांगू नका, असं मला ग्रुपवर सुनावलं गेलं. त्या शाळेत माझं मूल नाही, हे खरं आहे, आणि ते मला लागतंही. माझी मुलगी इथल्या प्राथमिक शाळेत इयर फोरला आहे. जूनमध्ये तिचा टेबल्स चेक, म्हणजे पाढ्यांची चाचणी असते, 25 प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद, पाढे बारापर्यंत. ती ते पटापट सांगते. आईने माझ्याकडून तिसापर्यंतचे पाढे आणि दीडकी, म्हणजे दीडचा पाढा, म्हणून घेतली होती. ती मी लेकीला शिकवली नाही, कारण इथे कुणी विचारत नाही. जुलैपर्यंत इथली शाळा सुटत नाही, तोवर गावच्या बागेत एक आंबा उरत नाही. पेटी कशी भरतात ते तिने फक्त फोनवर पाहिलं आहे. गावातल्या ज्या मुलांसमोर ती रोज भरली जाते, त्यांच्या आयांना तुम्ही अडाणी ठरवता, याचा मला राग येतो.

वहिनीला मी सांगितलंय, शनिवारी जा, आणि जाताना पेट्यांच्या हिशेबाची वही बरोबर ने. बाईंनी फळ्यावर पहिलं उदाहरण त्या वहीतलं घालावं.